लाल टॅग

रविवारी सकाळी दहा वाजता लटारूभाऊ कॉम्प्युटरसमोर मांडी ठोकून बसले आणि म्हणाले, आता पाहतोच. दीड तास हातात होता. साडेअकराला त्यांचा पोरगा भूपेश हैदराबादहून इंटरनेटनं घरातल्या डब्यात शिरणार आणि दंडारीचे अकराही व्हिडिओ पुसणार होता. बुधवारीच त्यानं फोनवर तसं सांगून टाकलं होतं. म्हणे जागा नाही, रिंकूच्या वाढदिवसाचं शूटिंग कुठं ठेवायचं?

डबा म्हणजे सिंदेवाहीच्या या घरात टीव्हीखाली घुरघुरणारा काळा खोका. घरादाराचे फोटो त्यात राहायचे. मागच्या दिवाळीला भूपेशनंच तो बसवला होता. दंडारीच्या मूळ कॅसेटी वाळवीनं खाल्ल्या, त्यामुळे मार्कंड्याच्या जत्रेतला तो नाचगाण्याचा खेळ आता फक्त या खोक्यात उरला होता. नोकरीतला त्यांचा जोडीदार कोलू, त्याची ढोलकी त्यात होती. आणि लुगडं नेसून, कोपरापर्यंत बांगड्या भरून नाचणारे लटारूभाऊ होते, कारण दंडारीत बायांची सोंगं गडीच घेतात. जागेचं नुसतं निमित्त! पोराच्या ऑफिसातले दोस्त ते लुगडं पाहून फिदीफिदी हसले होते, आणि लटारूभाऊंना ते पक्कं ठाऊक होतं. तेव्हापासून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"ते लुगडं माह्यं होतं," भागीरथाबाई चहाचा कप ठेवत म्हणाल्या. "तुमाले माह्यापेक्षा शोभे. त्यात लाज कायची?" आणि मग त्यांनी सरळ उपाय सांगितला, की वायरच उपटून टाका.

लटारूभाऊंना तो पटला नाही. वायर काढली तर रिंकूचे, नातवाचे फोटोही बंद, आणि दिवाळीला येऊन पोरगा पुन्हा जोडणारच. ते नोकरीला होते त्या वीज केंद्रात कोळसा दळायच्या एका चक्कीचं काम निघालं म्हणून कोणी सगळा प्लांट बंद करत नसे. तिथं टॅग लागे. माणूस दुरुस्तीला यंत्रात शिरला, की बटणावर त्याच्या नावाचा लाल टॅग लटकायचा: हात लावू नये. बाहेर आल्यावर तो त्यानंच काढायचा. एकदा मोठे साहेब अंगावर धावून आले होते, चक्की चालू कर म्हणून. लटारूभाऊ बटणापुढे आडवे उभे राहिले, पण बोट लावू दिलं नाही. चक्कीत तेव्हा कोलू होता.

त्यांनी खोक्याचं पान उघडलं. लोडशेडिंगच्या आधी खोका नीट बंद करता यावा, एवढ्यासाठी भूपेशनं त्यांना पासवर्ड दिला होता. बंद करायचं बटण सोडून दुसरीकडे जाऊ नका, असं चारदा बजावलंही होतं. लटारूभाऊ थेट शेवटच्या ओळीवर गेले. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून हुकूम लिहून खोका चालवायची परवानगी तिथं होती, आणि खाली लाल अक्षरांत दम: चूक झाली तर सगळं पुसलं जाईल, कंपनी जबाबदार नाही. तो त्यांनी बायकोला मराठीत वाचून दाखवला.

भागीरथाबाईंचा चेहरा उतरला. "चुकलं तं?"

"चुकलं तं माह्या हातानं गेलं म्हनीन. पण त्याच्या हातानं जाऊ देत नाई."

त्यांनी चौकोनात खूण केली. काळा पडदा उघडला. भूपेशला वाटे, बाप जन्मभर नुसती बटणं दाबत होता. अरे, शेवटची आठ वर्षं बापानं अशाच काळ्या पडद्यावर बॉयलर सांभाळला होता! तीन दिवस खपून वहीत उतरवलेले हुकूम ते आता एका बोटानं, एकेक अक्षर ताडून मारू लागले. पहिल्याच ओळीला खोक्यानं नकार दिला. एक जागा सोडायची राहिली होती. त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि ती ओळ पुन्हा लिहिली.

आधी दंडारीच्या कप्प्यात त्यांनी एक रिकामी फाइल ठेवली, तिला नाव दिलं. मग त्या एका कप्प्याला असं कुलूप घातलं, की हैदराबादच्या पासवर्डनं आतलं नुसतं दिसावं, पुसता येऊ नये. पडदा काहीच बोलला नाही. भागीरथाबाई घाबरल्या, पण लटारूभाऊ हसले. काळ्या पडद्याची रीतच तशी, काम झालं की तो गप्प बसतो. शेवटी त्यांनी कुलपाचा पासवर्ड बदलला आणि वहीतलं ते पान फाडून चुलीत घातलं.

साडेअकराला खोक्याचे दिवे लुकलुकायला लागले. भागीरथाबाईंनी मुद्दाम टीव्हीवर दंडार लावली, आवाज वाढवला. दहा मिनिटांत फोन आला.

भूपेश आधी चिडला. मग त्यानं विचारलं, की हे केलं कोणी, तुम्हाला शिकवलं कोणी. शिकवायला कोणी लागत नाही, असं लटारूभाऊंनी सांगितलं. रिंकूचं शूटिंग खुशाल टाक, बाकीचे सगळे कप्पे मोकळे आहेत, हेही सांगितलं. पलीकडे कळा खटखटल्या. त्याला ती रिकामी फाइल दिसली असावी.

"बाबा, इथं लिहिलंय, हात लावू नये. पुढे कोलूकाकाचं नाव आहे."

"त्याचाच टॅग हाय."

"बाबा, कोलूकाकाला जाऊन सहा वर्षं झाली. काढा ते."

टीव्हीवर ढोलकी चढीला लागली होती. लटारूभाऊंनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"मी कसा काढू, बाबू? कोलू आत हाय."