एका गाठीचं कापड

"हे बघा, तीन गाठीचं! चार दिवस ब्लिचिंगच्या पाण्यात, वरून परभणीचं ऊन. रंग जरा उतरला, पण धागा जागचा हललाय का? ओढा, ओढा की!"

कापड दुकानदार ओमप्रकाशशेठनी कापडाचा तुकडा दत्तराव मुकादमांपुढे टाकला. मुकादमांनी दोन्ही हातांनी हिसका दिला. कापडानं हूं की चूं केलं नाही.

पिंगळीच्या दत्तरावांची टोळी इमारतींच्या बाहेरच्या भिंती धुते. शेवाळ, काजळी, कबुतरांची घाण. परांचीवर चढायचं, ब्लिचिंग मारायचं, घासायचं. त्यात अंगावरच्या कपड्यांची पार वाट लागते. यंदा दहा जणांना सारखे नवे जोड शिवायचे ठरले, म्हणून शेठकडून तुकडे नेऊन टोळीतल्याच रुख्मिणीच्या अंगणात बादलीत भिजत घातले होते. टोळीत वाचता सगळ्यांना येत नाही, गाठी मात्र सगळ्यांना मोजता येतात. म्हणून तुकड्यांच्या कोपऱ्याला खूण बांधली होती: सुतीला एक गाठ, टेरिकॉटला दोन, पॉलिस्टरला तीन.

"तीन गाठीचंच घेऊ," मुकादम म्हणाले. "गरम हुईल, पण टिकंल. दहा जोडाचं काढा शेठ."

झालं, काम संपलं. पण रुख्मिणीचं संपलं नव्हतं. बाई दुकानात आल्यापासून घडीभर एका जागी बसली नव्हती. गादीच्या कडेला टेकायची, उठायची, पिशवीत हात घालायची, तसाच बाहेर काढायची.

"आता एक गाठीचं बघा," ती म्हणाली.

"ते घ्यायचंच न्हाई, तर बघायचं कशाला?"

"नका घेऊ. पर ओढून बघा."

मुकादमांनी मान खाली घातली. शेठला काही ठाऊक नव्हतं, टोळीला सगळं ठाऊक होतं. तीन महिन्यांमागं रुख्मिणीचा नवरा भागवत परांचीवरून घसरला. ती शेजारीच होती. तिनं त्याचा सदरा पाठीकडून गच्च धरला होता, आणि तरी तो खाली गेला. मोडलेल्या पायात सळई घालावी लागली. सदऱ्याच्या चिंध्या दवाखान्यात कापून फेकल्या. तो सदरा याच सुती कापडाचा. भागवत म्हणतो, कापड कुजलं होतं, फाटलं. सासू धुरपदाबाई म्हणते, हातातला माणूस सुटतोच कसा? आणि रुख्मिणीला, देवाशपथ, काही म्हणता काही आठवत नव्हतं. फाटलं की सुटलं? भाकरी थापताना तेच, भांडी घासताना तेच. आज कापड फाटलं तर ती सुटली. टिकलं तर जन्माची अडकली.

भागवत दारापाशी स्टुलावर बसून रस्त्याकडं बघत होता. मान न वळवता म्हणाला, "ओढू द्या तिला, मुकादम. जिवाला लावून घेतलंय तिनं."

मुकादमांनी एक टोक धरलं. रुख्मिणीनं दुसरं टोक मुठीत गुंडाळलं, डोळे मिटले आणि ओढलं.

फाटलं म्हणायलासुद्धा जागा राहिली नाही. भिजल्या पापडागत कापड हातात आलं.

"फाटलं!" ती मटकन खाली बसली. हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "फाटलं हो! मुकादम, तुमी बघितलं न्हवं?"

"बघितलं बाई, बघितलं," मुकादमांनी हातातलं टोक तिच्यापुढं धरलं.

शेठला मात्र हे सोसेना. भर दुकानात आपल्या मालाची ही शोभा! त्यांनी तो तुकडा उचलला, चिमटीत चोळला, नाकाशी नेला.

"थांबा, थांबा. माझं कापड असं जात नसतं. ब्लिचिंगनं सुती विरतं, मान्य. पण चार दिवसांत असं पीठ? ह्याला तेजाब लागलाय. मुद्दाम लावलाय कुणीतरी."

"शेठ!" भागवत केवढ्यांदा तरी ओरडला. "दहा जोडाचं काढा म्हणलंय न्हवं? काढा की मग!"

रुख्मिणीचं हसू जागीच थांबलं. फरश्या धुवायच्या तेजाबाचा कॅन घरात तिच्या खाटेखाली होता. ती दिवसभर कामावर असते. घरी कोण असतं?

भागवतनं घाईघाईनं कुबडीला हात घातला. उजव्या हाताची तीन बोटं पिवळी पडून सोलली होती, आतलं लाल मांस ताजं होतं. तीन महिन्यांत हा माणूस कामाला शिवला नव्हता.

"हे काय झालं?" तिनं विचारलं.

"काय न्हाई. तंबाखूचा चुना लागला."

"तंबाखू कवा धरली तुमी?"

त्यानं बोटं मुठीत मिटली. मग हलकेच म्हणाला, "फाटलंच होतं गं त्या दिवशी. मी बघितलंय."

"पाठीला डोळे होते का तुमच्या?"

मुकादम उगीचच शेठशी मापांचं बोलायला लागले. कुणाची छाती किती, कुणाची बाही किती.

दुकानाच्या पायऱ्या तीनच होत्या, पण भागवतला त्या उतरायला वेळ लागे. रुख्मिणी खालच्या पायरीवर थांबली. तिनं त्याचा उजवा हात धरला. पायऱ्या संपल्या, तो रस्त्याला लागला, तरी धरूनच.

"अगं सोड, लोकं बघायलेत," तो पुटपुटला.

"बघू द्या."

भर बाजारात, भर उन्हात दोघं येष्टी स्टँडाकडं निघाले. तिनं धरलेल्या मुठीत त्या सोललेल्या बोटांची नुसती आग आग होत असणार. भागवतनं हात काढून घेतला नाही.