मास्तरांच्या आवाजातले हुकूम

व्हिडिओ गेमचा सामना सुरू झाला की प्रशिक्षकाने आपला हेडसेट पंचांकडे द्यायचा आणि तोंडाला कुलूप लावायचं, असा नियम. मास्तरांनी तो इमानेइतबारे पाळला होता. तरी जिंकलेल्या सामन्याच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांचाच आवाज खेळाडूंना हुकूम सोडत होता. पंचांच्या कानी गेलं असतं, तर उद्याची अंतिम फेरी हातची गेली असती.

"माझी नक्कल कोण करतंय?" मास्तरांनी पाचही जणांना फैलावर घेतलं.

"काहीतरीच काय, मास्तर! तुम्हीच तर बोलत होतात," कप्तान हसली.

सगळ्यांना बाहेर काढून, दाराला आतून कडी घालून मास्तर पुन्हा ऐकायला बसले. सामना संपला. पाच हेडसेट टेबलावर ठेवल्याचे पाच आवाज आले.

मग त्यांचाच आवाज हळूच म्हणाला, "कडी लावलीत ना, मास्तर? बरं केलंत."