कैद्याची भूक

तिसऱ्यांदा मोजलं तरी आकडा तोच आला. अठ्ठेचाळीस. आसमीननं तो वहीत लिहिला आणि खाली इतकी दाबून रेघ ओढली की पान फाटलं. काल सकाळी बासष्ट होती!

"अब्बा, आपल्या घरात चोर शिरलाय!"

सिद्दीकभाई दारात ट्रकचं चाक खोलत होते. यवतला हायवेच्या कडेला त्यांचं पंक्चरचं दुकान होतं आणि मागं दोन खोल्या. पाना तसाच हातात धरून ते आत आले.

"काय गेलं?"

"चौदा पिल्लं."

बाहेरच्या खोलीत तीन फुटी काचेची टाकी होती. तिच्यात मोठे मासे दोनच. बेगम ही पॅरट फिश. शेंदरी, गुबगुबीत, आणि तोंड असं की ते कधी नीट मिटतच नाही. सदा आपली आश्चर्यानं बघितल्यासारखी. दुसऱ्याच्या करड्या अंगावर काळे पट्टे होते, म्हणून तो कैदी. तो माशांच्या दुकानदारानं नंतर कधीतरी फुकटच गळ्यात मारला होता.

पॅरट म्हणजे दोन जातींच्या संकरातून झालेला मासा. नववीच्या वर्गात ललिता मॅडमनी सांगितलं होतं, "अशा माशांची अंडी पांढरी पडतात गं. पिल्लं काही निघत नाहीत. दौंडच्या विज्ञान प्रदर्शनाला तू दुसरं काहीतरी कर."

बेगम एकटी होती तेव्हा दोनदा तसंच झालं होतं. पण या खेपेला तिनं कौलाचा तुकडा तोंडानं घासून घासून लख्ख केला. त्यावर मधाच्या रंगाचे ठिपके ओळीनं मांडले आणि तीन दिवस पंखानं वारा घालत बसली. कैदी भोवती गस्त घालत होता. तिसऱ्या दिवशी ठिपक्यांना शेपट्या फुटल्या! आसमीन दप्तर पाठीवर घेऊन तशीच टाकीसमोर बसून राहिली. प्रार्थना चुकली, छडी खाल्ली, तरी दिवसभर हसत होती.

संध्याकाळी येऊन बघते तर कौल रिकामं. सगळी पिल्लं वाळूतल्या खड्ड्यात! अजून पोहता येत नव्हतं त्यांना. गेली कशी?

"चालत गेली असत्याल," शेजारच्या हॉटेलातले मारुतराव म्हणाले होते. "दमली, म्हणून खड्ड्यात बसली."

आसमीन हसली नव्हती. तिच्या अंगावर काटा आला होता.

मग पिल्लं पोहू लागली, आणि सोमवारी अब्बांनी पुण्याहून फिल्टर आणला. तिनंच हट्ट धरला होता. शनिवारी प्रदर्शन, पाणी कसं काचेसारखं दिसायला हवं! निळा फिल्टर कोपऱ्यात बसला आणि पाणी ओढत घूं घूं करायला लागला.

आणि आज, मंगळवारी, ही चोरी.

दुपारी दोनला भारनियमन सुरू झालं. सातला लाईट येईपर्यंत आकडा अठ्ठेचाळीसच. बुधवारी सकाळी पस्तीस. दुपारी लाईट गेली, परत पस्तीसच.

"बघा मामा," तिनं मारुतरावांपुढं वही नाचवली. "लाईट नसली की चोर झोपतो. लाईट आली की याला भूक लागती."

"मग वायरमनच असंल त्यो."

"कैदीच हाय! बेगमला तोंडसुदिक मिटता येत न्हाई, ती काय खाणार?"

गुरुवारी सकाळी तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. फिल्टरच्या कोपऱ्यात काही पिल्लं मागं पडली होती. बेगम तिथं नुसती धडका मारत होती. कैदी आला. तोंड उघडलं, मिटलं. पिल्लू गायब! मग दुसरं. मग तिसरं. एकामागून एक.

आसमीननं जाळी घातली, पट्ट्यापट्ट्यांचा तो चोर उचलला आणि बादलीत टाकला.

"बाप हाय गं त्यो," अब्बा म्हणाले.

"सोताची पोरं खाणारा बाप कसला?"

अब्बांनी तिच्याकडं बघितलं आणि ते पुन्हा चाकाकडं वळले.

"माझ्या कोंबड्यांना द्या," मारुतराव म्हणाले. "तेवढीच मेजवानी."

आसमीननं बादली अंगणात आणली. शेवटचं खाणं म्हणून एक दाणा टाकला. दाणा कैद्याच्या नाकापुढून तरंगत गेला. त्यानं तोंडच उघडलं नाही.

"पोट तट्ट भरलंय ना," ती म्हणाली.

मारुतरावांनी बादली उचलली. कोंबड्या लगबगीनं पायाशी आल्या.

"थांबा मामा. एकडाव बघू द्या."

त्यांनी बादली खाली ठेवली. हेलकावणारं पाणी हळूहळू निवळलं. कैदी तळाशी गेला होता. त्यानं मान खाली केली, गाल दोनदा हलले आणि तोंड उघडलं.

एक काळा ठिपका बाहेर आला. मग चार झाले. मग अकरा. सगळे जिते, सगळे शेपटी हलवणारे. कैद्याच्या पोटाखाली ते असे गोळा झाले, जणू त्यांची ती नेहमीचीच जागा होती.

मारुतरावांनी पायानंच कोंबड्या मागं सारल्या. अब्बा कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. ऐकू येत होतं ते फक्त टाकीच्या खोलीतलं घूं घूं.

आसमीन धावत आत गेली आणि तिनं आधी फिल्टरचं बटण बंद केलं.