महेंद्रने लावलेला कागद

चौथ्या कंप्युटरवरही तो सापडला तेव्हा महेंद्रला तुंबलेलं गटार उपसल्यासारखी किळस आली. दौंडच्या स्टेशनजवळ पोपटराव आप्पांचं सायबर कॅफे, सगळे मिळून सहा कंप्युटर. गिऱ्हाइकांची ई-मेल खाती कुणीतरी परस्पर उघडतंय अशी बोंब झाली होती. म्हणून आप्पांनी महेंद्रला सुटीच्या दिवशी बोलावून घेतलं. रांजणगावच्या कंपनीत तो कंप्युटर सांभाळायचा.

तो म्हणजे एक चोरटा प्रोग्राम. महेंद्रने इंटरनेटची वायर काढली. एक खोटं नाव, एक खोटा पासवर्ड टाइप केला आणि वाट पाहत बसला. स्क्रीनवर काही म्हणता काही हललं नाही. पण एका लपवलेल्या फाइलीत ते नाव आणि पासवर्ड अक्षर न् अक्षर उतरलं होतं. दर तासाला ही फाइल परदेशातल्या कुठल्याशा पत्त्यावर जात होती. तो पत्ताही त्याने शोधून काढला.

आप्पांना बोर्डावर लावायला कागद हवा होता, गिऱ्हाइकांना समजेल असा. महेंद्रने ठसठशीत अक्षरात लिहून दिला.

कुठे लपतो? आपल्याच मशीनमध्ये, ओळखीचं नाव घेऊन.

काय चोरतो? आपण विश्वासाने लिहिलेलं सगळं.

कुणाला पाठवतो? याच्यापुढे त्याने तो परदेशी पत्ता लिहिला.

कागद स्वतःच्या हाताने बोर्डाला टाचत तो म्हणाला, “नालायक जात हाय, आप्पा. दुसऱ्याचं खाजगी वाचताना ह्यांना लाज कशी वाटत न्हाई?”

आप्पा जेवायला घरी गेले. सगळ्या मशीनवरच्या फायली पुसल्या की काम संपलं. पण पुसण्याआधी महेंद्रने एक उघडली. सगळं मराठी, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. इथली पोरं अशीच लिहायची. परदेशातल्या चोराला पासवर्ड सोडले तर यातलं ओ की ठो कळलं नसतं. महेंद्रला सगळं कळत होतं. कुणाचं नवऱ्याशी भांडण, कुणाचं मूळव्याधीचं औषध. त्याला हसू आलं. त्याने दुसरी फाइल उघडली, मग तिसरी.

तिसरीत त्याची धाकटी बहीण निघाली. दीक्षाने मैत्रिणीला, सुरेखाला, लिहिलं होतं. शिरूरच्या स्थळाला मी सध्या नाही म्हणत नाही. शुक्रवारी बेंगलोरला मुलाखत आहे, गुरुवारी पुण्याला जाते सांगून निघेन. नोकरी मिळू दे, मग आबांना मीच सांगेन. नीट सांगितलं की आबा ऐकतात. तोवर कुणाला बोलू नको.

महेंद्रने तेवढ्या पानाचं प्रिंट काढलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मग सगळ्या फायली पुसल्या. आपण फार सावध भाऊ आहोत असं त्याला मनापासून वाटत होतं.

शंकररावांनी, त्यांच्या आबांनी, ते पान त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं. पोरगी आपल्याशी खोटं बोलली हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. तिच्या सर्टिफिकेटांची फाइल ट्रंकेत घालून कुलूप लावलं आणि शिरूरला फोन करून होकार कळवला. दीक्षाने भावाला विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तो एवढंच म्हणाला, “कळतं गं. गाव केवढं हाय?”

सांगणार कोण? माहीत होतं एकट्या सुरेखाला. दीक्षाने तिचे फोन घेणं बंद केलं. ती घरी आली तर दारातूनच परत पाठवलं. लहानपणापासूनची मैत्री तिने दोन दिवसांत जाळून टाकली. गुरुवारी बेंगलोरची गाडी वेळेवर सुटली. रेल्वे कॉलनीतल्या घरात भोंगा स्पष्ट ऐकू आला.

शनिवारी, मुलाखतीला आले नाही म्हणून कंपनीची माफी मागायला, दीक्षा कॅफेत आली. बोर्डावर भावाचं अक्षर दिसलं म्हणून थांबली. आप्पा कौतुकाने म्हणाले, “तुझ्याच भावानं चोर धरला, पोरी. मी जेवून आलो तरी एकटाच वाचत बसला व्हता, डोळं फुटंस्तवर.”

दीक्षाने कागद पुन्हा वाचला. मग आप्पांच्या गल्ल्यावरचं पेन उचललं. पहिल्या दोन ओळींना तिने हात लावला नाही. तिसऱ्या ओळीतला पत्ता खोडला आणि त्याच्यापुढे लिहिलं, आबांना.