पातळ थर

“जाड थरातही हा गुण दिसला नाही, मग पातळात कुठून येणार? विषय बदलू या, शर्वरी,” हळबेसर म्हणाले. व्होल्टेज काढल्यावरही पदार्थाने आतल्या विद्युतभारांची दिशा धरून ठेवायची, हा तो गुण. तिची पीएचडी त्यावरच उभी होती.

विषय सोडण्याआधी तिने झिर्कोनियम ऑक्साइडचा सगळ्यात पातळ, जेमतेम काही अणूंच्या जाडीचा थर मोजायला घेतला. आलेखावर त्या गुणाची खूण असलेलं वेटोळं उमटलं.

“करंट गळत असेल, त्यानेही असं वेटोळं दिसतं,” सर जागेवरूनच म्हणाले.

तिलाही तीच शंका होती. व्होल्टेज काढून ती जेवायला गेली, आल्यावर पुन्हा मोजलं. दिशा तशीच होती. उलट व्होल्टेज दिलं तेव्हा दिशा उलटली आणि तशीच राहिली.

आता सर उठून आले. “जाडात नाही आणि पातळात आहे? असं का?”

“थर ज्या स्फटिकावर वाढवलाय, तो स्फटिक त्याला ताणतोय. जाड थर तो ताण झुगारून देतो. पातळ थराला ते जमत नाही, त्याचे अणू सरकलेलेच राहतात, म्हणून दिशा टिकते. असं वाटतं, सर.”

सरांनी स्टूल ओढलं. “याहून पातळ करता येईल?”