चौकोनाला चौकोन

रोज डबा खाऊन झाला की मी चित्रवहीचं एक पान रंगवते. मनात साचलेलं कागदावर उतरलं की डोकं शांत होतं. पडद्याचं कापड छापणाऱ्या आमच्या कारखान्यात साहेब त्याच वहीचे गुपचूप फोटो काढायचे आणि माझी वेलबुट्टी काठावर स्वतःची सही टाकून छपाईला पाठवायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वेली काय तुझ्या बापाच्या आहेत का?"

मी वाद घातला नाही. कापडावर शेजारी-शेजारी छापला जातो तसल्या एका चौकोनात आठवडाभर एकच वेल घोटून काढली. त्या आठवड्यात डोकं फार शांत होतं. मग वही टेबलावर उघडी टाकून चहाला गेले.

मालकांसमोर नवा तागा उलगडला. सुट्या चौकोनात नाजूक वेल होती, पण चौकोनाला चौकोन जुळला तिथे लांब कानांचं गाढव दात विचकत होतं. अख्ख्या ताग्यावर गाढवंच गाढवं.

"हे कोणी केलं?" मालकांनी विचारलं.

साहेबांनी घाईघाईने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिचं आहे. खरंच, हिच्या वहीतलं आहे."

इतकी वर्षं हेच ऐकायला माझे कान आसुसले होते.

"काहीतरीच काय, साहेब," मी म्हटलं. "काठावर सही तर तुमची आहे."