भावेशच्या तीन कॉईली

पाती गरागरा फिरत होती, पण बल्ब काही पेटेना. हरिचंद्रने मनातल्या मनात पेढे वाटले.

बेलवलीच्या त्या गच्चीवर सकाळपासून अख्खी आळी लोटली होती. त्याच्या धाकट्या भावाच्या, भावेशच्या बायकोने, विनिताने, भंगारातून पवनचक्की केली होती. पाइप चिरून पाती, स्कूटरचं चाक, हळदीच्या डीजेच्या फुटक्या स्पीकरमधली लोहचुंबकं आणि तांब्याच्या तारेच्या सहा कॉईली. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये हरिचंद्रने सत्तावीस वर्षं मोटारींचं वाइंडिंग केलं. त्याचं काम बघायला कधी कुणी जिना चढून आलं नव्हतं. आणि हिचं बघायला ही जत्रा!

"दादा, तुम्हीच बघा ना जरा," विनिता म्हणाली.

तो वाकला आणि एका नजरेत समजला. तीन कॉईली तिने गुंडाळल्या होत्या, तीन भावेशने. भावेश डावखुरा. त्याची तार उलटी गेली होती. तिच्या तिघी जेवढा करंट देत होत्या, तेवढा याच्या तिघी खाऊन टाकत होत्या. टोकं अदलाबदल केली की झालं. पाच मिनिटांचं काम.

"ह्याच्यात काय दम नाय," तो म्हणाला. "भंगारवाल्याला देऊन टाक."

विनिताचं तोंड एवढंसं झालं. लोक हळहळत खाली उतरले. हरिचंद्र त्या दिवशी दोन घास जास्तच जेवला.

दुपारी घरातले आडवे झाल्यावर मात्र त्याला राहवेना. पक्कड आणि टेप घेऊन तो गच्चीवर गेला. आपलं खरं ठरतं का, एवढंच बघायचं. मग टोकं पुन्हा होती तशी जोडून ठेवायची. त्याने तारा बदलल्या, चाकाला बांधलेली दोरी सोडली. वाऱ्याने पाती फिरली आणि बल्ब लख्ख पेटला.

तो बघतच राहिला. भानावर येऊन तार उपटायला हात घातला, तर मागे विनिता. वाळलेले कपडे काढायला आली होती. तिने बल्बकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या पकडीकडे. आणि ती कठड्यावरून वाकून ओरडली, "काशीताई, सगळे वर या! दादांनी चालू केली!"

आळी पुन्हा लोटली. "हरीशेठ, मानलं तुला!" म्हणत शेजारच्या कोंडाजीने त्याची पाठ थोपटली. काशी तर नवऱ्याकडे अशी बघत होती, की तो लाजलाच.

विनिता कपड्यांचं बोचकं काखेत धरून टाळ्या वाजवत होती. हरिचंद्रने तिचा चेहरा निरखून पाहिला. हेव्याची एखादी रेघ तरी दिसेल म्हणून पुन्हा पाहिला. एकही नव्हती.

सकाळी जळला होता, त्याच्या दुप्पट तो आता जळला.